अंगठा खोक्याच्या चित्राला दिलात, नियमपुस्तिकेला नाही

प्रश्न : गुलामांच्या व्यापारावर मी तीन वर्षं खपून एक बोर्डगेम रचला. त्यात खेळाडू मळ्याचा मालक असतो. मळ्यावरचा माणूस मेला की त्याचं नाव खेळाडूला स्वतःच्या हातानं वहीतून खोडावं लागतं. प्रकाशकानं ती वहीच काढून टाकली, गुलामांचे 'मजूर' केले आणि खोक्यावर माझं नाव मात्र तसंच ठेवलं. छपाईला मनाई मिळेल का? करार जोडला आहे.

उत्तर : विषय कधी युद्ध असतो, कधी दुष्काळ, पण अशा पत्रांतलं गाऱ्हाणं एकच असतं : खेळातला काटाच काढून घेतला. वही का हवी यावर तुम्ही दोन पानं लिहिली आहेत. मला ती पटली, पण प्रकरणात त्यांचा उपयोग नाही. तुमचा खेळ इतिहासाशी किती प्रामाणिक आहे हे न्यायाधीश तपासणार नाहीत, ते करारातलं नववं कलम वाचतील.

ते कलम म्हणतं : प्रकाशकानं पाठवलेल्या 'प्रत्येक साहित्यावर' 21 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर संमती गृहीत धरली जाईल. सही करताना हे वाचलंच नव्हतं, असं तुम्हीच लिहिता. वाचलं नव्हतं हा बचाव जवळपास कुठेच चालत नाही.

आता तारखा. खोक्याचं चित्र तुम्हाला चाळीस दिवसांपूर्वी आलं आणि त्याच संध्याकाळी तुम्ही उत्तरादाखल नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवलात. 'मिळालं' एवढंच म्हणायचं होतं, असं आता सांगता. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्यानंही हेच सांगितलं होतं. जवसाच्या खरेदीचा करार फोनवर आला, त्यानं अंगठा पाठवला आणि 2023 मध्ये न्यायालयानं त्या अंगठ्यालाच सही मानलं. माल न दिल्याबद्दल त्याला 82 हजार डॉलरांवर भरपाई बसली. तुमचं प्रकरण तिथल्या न्यायालयात जाईल असं नाही, पण त्या चित्रासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. ते गेलं.

वही मात्र चित्रात नव्हतीच. ती गाळली आहे नियमपुस्तिकेत, सातव्या पानावर, आणि 'मजूर' हा शब्दही तिथेच पहिल्यांदा येतो. ती पुस्तिका तुम्हाला वेगळ्या ई-मेलनं आली, पत्र लिहिलंत त्याच्या बारा दिवस आधी. 'निवांत वाचू' म्हणून तुम्ही ती ठेवून दिलीत. म्हणजे त्या दिवशी नऊ दिवस उरले होते, आज त्याहून कमी असतील. चित्राला होकार म्हणजे सगळ्या बदललेल्या थीमला होकार, असं प्रकाशक म्हणणारच. त्यावर तुमचं उत्तर एका शब्दाचं आहे : 'प्रत्येक'.

लेखकाच्या नैतिक हक्कांबद्दलही विचारलं आहेत. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम 6 बिसमध्ये (सहाव्यानंतर जोडलेल्या कलमात), म्हणजे 1928 पासून, कृतीचा विपर्यास करून लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणला तर हरकतीची मुभा आहे. पण काही देशांत तो हक्क करारानं सोडून देता येतो आणि कुठे त्याची व्याप्तीच अगदी तोकडी आहे. तुमच्या करारात कोणता कायदा लागू आहे ते मला सांगता येत नाही, कारण सतरापैकी सोळाच पानं पाठवली आहेत. नेमकं ते पान राहिलं.

मनाईहुकमाच्या मागे लागू नका, असंच सांगेन. अर्ज सुनावणीला येईपर्यंत खोकी जहाजावर चढलेली असतील. वर न्यायाधीश आधी हेच विचारतील की इतके दिवस गप्प का होता, आणि नुकसान पैशानं भरून निघत असेल तर छपाई कशाला थांबवायची.

हरकत आज लिहा. एक पान पुरे. पानाचा क्रमांक, गाळलेला नियम आणि बदललेला शब्द लिहा, त्याखाली मागणी : वही खेळात परत घ्या, नाहीतर खोक्यावरून माझं नाव काढा. दुसरी मागणी मान्य व्हायची शक्यता मला जास्त वाटते, कारण तिला खर्च कमी. प्रकाशक हटून बसला तर उदाहरणं द्या. 'पुएर्तो रिको' हा बोर्डगेम 2002 मध्ये आला तेव्हा जहाजातून मळ्यावर येणाऱ्या गडद तपकिरी चकत्यांना 'वसाहतकार' म्हटलं होतं आणि त्या सौम्य शब्दावरची टीका अजून थांबलेली नाही. 2014 च्या 'फाइव्ह ट्राइब्स' या खेळामध्ये गुलामांची पत्ती होती, ती प्रकाशकानं पुढच्या छपाईत बदलून फकिरांची केली. खोकी बाजारात गेल्यावर पत्ती बदलता येते, तर छपाईआधी एक पान बदलता येणार नाही, हे मला कोणी सांगू नये.

यातलं काहीही जाहीरपणे लिहू नका. तेराव्या कलमात गोपनीयतेची अट आहे, तीही बहुधा वाचली नसेल.

आणि हरकत कुठे पाठवता ते पाहा. नोटिशीसाठी करारात दिलेला ई-मेल पत्ता वेगळा आहे, तुम्ही रोज ज्यांच्याशी बोलता त्या संपादिकाबाईंचा वेगळा. दोन्हीकडे पाठवा. 21 दिवसांचा हिशेब होईल तो पहिल्या पत्त्यावर.