व्हीलचेअर मिळाली, आता पुढे काय?

प्रश्न: ताई, आमची सिंधुदुर्गात छोटी संस्था आहे. गेल्या वर्षी 14 जणांना व्हीलचेअर मिळवून दिल्या. परवा घरोघरी फिरलो तर निम्म्या पडून, एकीवर तर वाळवणाचं सूप ठेवलेलं. आता कॉम्प्युटर क्लास काढावा म्हणतोय. बरोबर आहे का?
— एक कार्यकर्ता

उत्तर: दादा, क्लास काढा पण जरा थांबून. खुर्ची पडून आहे म्हणजे माणूस आळशी असं नसतं हो, बहुतेक वेळा ती मापाचीच नसते. माझी पहिली खुर्ची इतकी रुंद होती की मी एका अंगावर कलंडून बसायचे, त्यात खाली गादी नाही, तीन महिन्यांत बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झाला आणि कण्याला मार असल्यामुळे दुखलंच नाही, कपड्याला डाग दिसला तेव्हा कळलं. म्हणून आधी प्रत्येकाचं माप तपासा, पाय फूटरेस्टवर नीट टेकतायत का ते बघा. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलायचं, रोज रात्री आरसा धरून बसायची जागा बघायची, हे शिकवा.

आणि शिकवायला खुर्चीवरच वावरणारं माणूस आणा. मला पलंगावरून खुर्चीत सरकायला एका मावशींनी शिकवलं, त्या स्वतः खुर्चीवर, दर वेळी आधी एकच विचारायच्या, "ब्रेक लावलास का गं?" ते अजून कानात आहे.

नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअरवर, तरी 1984 साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली आणि पुढे तुमच्याच जिल्ह्यात संस्थेच्या स्वप्ननगरी प्रकल्पात काजूचं काम सुरू केलं. मग तुमच्या कमिटीत खुर्चीवरचे किती आहेत? राग मानू नका, पण हिशेब, अर्ज, मीटिंग सगळं तुम्हीच करत असाल तर ते 14 जण कायम लाभार्थीच राहणार. त्यातल्या दोघांना आत घ्या, चुकू द्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्याचा हिशेब ग्रामसभेत त्यांनीच मागू दे.

क्लासची खोली ठरवायलाही त्यांनाच घेऊन जा. एक फूट उंच जोत्याला बारा फूट रॅम्प लागतो, तेवढं अंगण आहे का बघा, आणि संडासाच्या दारातून खुर्ची आत जाते का ते टेप लावून मोजा. नाहीतर पोरं दिवसभर पाणी न पिता क्लासला बसतील, मी बसलेय तशी.