घड्याळातल्या ३४० कॅलरी आणि प्रत्यक्षातला हिशेब

ताई, आपले वजन ७२ किलो आहे, रोज सकाळी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर आपण वीस मिनिटे चालता आणि दहा मिनिटे हळू धावता, आणि मनगटावरचे घड्याळ त्याच्या ३४० कॅलरी दाखवते. महिन्यात सव्वीस दिवस व्यायाम होऊनही वजन जेमतेम अर्धा किलो उतरले, तेव्हा चूक नेमकी कुठे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते व्यायाम उत्तम चालला आहे आणि वजनकाटाही खरे सांगतो आहे. फुगला आहे तो घड्याळाचा आकडा.

घड्याळ बाजूला ठेवूनही हा अंदाज काढता येतो. त्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, आणि तो दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक कॅलरी इतका असतो. निरनिराळ्या हालचालींची मेट-कोष्टके १९९३ पासून प्रसिद्ध आहेत व वेळोवेळी सुधारली गेली आहेत. त्यांत ताशी पाच किलोमीटरच्या आसपासचे सपाटीवरचे चालणे साधारण साडेतीन मेटचे आणि हळू धावणे सातच्या आसपास धरले जाते. आता आपला हिशेब करू. ७२ गुणिले साडेतीन म्हणजे तासाला २५२, त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे वीस मिनिटांचे ८४. धावण्याचे तासाला ५०४, त्यातले दहा मिनिटांचे पुन्हा ८४. एकूण १६८ झाले. परंतु त्या अर्ध्या तासात आपण घरी नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी ३६ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. त्या वजा केल्यावर व्यायामाची खरी कमाई १३२ उरते. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. घड्याळावर विश्वास ठेवला तर महिन्यात किलोभराहून अधिक वजन घटायला हवे होते, आणि १३२ च्या हिशेबाने साधारण ४५० ग्रॅम. आपला काटा दुसऱ्या आकड्याच्या बाजूने बोलतो आहे.

या हिशेबात वेग मात्र अंदाजाने धरू नये, कारण नवशिक्या माणसाला आपण फार झपाझप चालतो असेच वाटत असते. आपल्या रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांच्या मधे दर २०० मीटरला लहान दगड असतील, तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागतो ते मोबाईलवर पाहावे. सुमारे दोन मिनिटे चोवीस सेकंद लागले तर वेग ताशी पाच किलोमीटर आहे. तीन मिनिटे लागत असतील तर तो चारच आहे, आणि मग साडेतीनऐवजी तीन मेट धरणे बरे. धावण्यासाठी याहून सोपा ठोकताळा आहे: दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी.

घड्याळ एवढे का चुकते, तर ते कॅलरी मोजतच नाही. ते त्वचेवर प्रकाश टाकून नाडी मोजते आणि तिच्यावरून, आपण भरलेले वय, उंची, वजन घेऊन खर्चाचा तर्क करते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा नाडी बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक दाखवली, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. त्यात नव्याने धावू लागलेल्या माणसाची नाडी थोड्या श्रमानेही उसळते. आपल्या विदर्भात तर मार्चपासूनच ऊन तापते, आणि अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावे लागते. नाडी वाढते, चरबी काही त्या प्रमाणात जळत नाही. घड्याळाला हा फरक कळत नाही. म्हणून मे महिन्यात आठ वाजता धावून मोठा आकडा दिसला तर त्याचा आनंद मानू नये, उलट साडेपाचलाच बाहेर पडावे. दोन-तीन महिन्यांनी, त्याच वेगाला नाडी कमी लागू लागली की, घड्याळाचा आकडा आपोआप घटेल. त्याने खट्टू होऊ नये. ती हृदय सुधारल्याची खूण आहे.

आता खाण्याविषयी, कारण खरा घोटाळा बहुधा तिथेच होतो. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३० ते ३५० कॅलरी असतात, म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकर ही आपल्या त्या दिवसाच्या कमाईहून मोठी. ती भाकर सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. पण ३४० चा आकडा पाहून परतताना चौकात आलुबोंडा आणि साखरेचा चहा घेतला, तर सकाळची कमाई तिथेच संपते.

कापूस वेचणीच्या किंवा निंदणाच्या दिवसांत आपण शेतावर जात असाल, तर त्या दिवशी धावण्याचा आग्रह सोडावा. दिवसभराच्या त्या कामाचा खर्च या अर्ध्या तासाहून कितीतरी अधिक असतो. आधी घड्याळात वजन ७२ भरले आहे ना तेवढे पाहावे, दगडांवर वेग मोजावा, आणि वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर करावे. दोन आकडे मिळाले की इथेच कळवा, पुढच्या महिन्याचा हिशेब मिळून करू.