धिंगरीतली कोंबड्याची नखी

अंबडच्या एका वाचकाने विचारले आहे की 'अळंबी' लिहावे की 'अळिंबी', आणि वाळवलेल्या धिंगरीच्या (ऑयस्टर अळिंबीच्या) पाकिटावर छापलेल्या 'एर्गोस्टेरॉल', 'एर्गोथिओनीन' या नावांतला 'एर्गो' म्हणजे ऊर्जाच ना? नव्हे. अळिंबीच्या गुणांवर कोणी बोलायला उभे राहिले की हा ऊर्जेचा खुळखुळा वाजतोच, आणि व्युत्पत्ती सांगणारे काही जाणकारही 'कार्य' या अर्थाच्या ग्रीक 'एर्गॉन'कडे बोट दाखवून मोकळे होतात. त्यांनी एकदा बाजरीच्या रानात जाऊन यावे.

ढगाळ, दमट हवेत बाजरीच्या कणसातून मधासारखे चिकट थेंब गळू लागले की शेतकरी ज्या बुरशीच्या रोगाला 'अरगट' म्हणतो, त्याच नावातला हा शब्द. राय या धान्याच्या कणसात दाण्याच्या जागी वाढलेली बुरशीची काळी, वाकडी गाठ फ्रेंचांना कोंबड्याच्या पायामागच्या टोकदार नखीसारखी दिसली, आणि नखीचे 'एर्गो' हेच नाव त्यांनी तिला दिले. शार्ल तांरे या फ्रेंच औषधनिर्मात्याने 1889 मध्ये एर्गोस्टेरॉल आणि 1909 मध्ये एर्गोथिओनीन याच गाठींतून वेगळे केले. जुन्या फ्रेंचमध्ये ही नखी 'आर्गोट' होती. इंग्रजीच्या वाटेने आलेला शब्द आपल्या शिवारात 'अरगट' होऊन त्या जुन्या रूपाशेजारी जाऊन बसला, याला कोणी योगायोग म्हणोत, मला त्याचे अप्रूप वाटते.

नावात अरगट असला तरी त्याचे विषारी अल्कलॉइड धिंगरीत नसतात. एर्गोस्टेरॉल हे बुरशीवर्गाच्या पेशीपटलातले द्रव्य असून उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे ड-2 जीवनसत्त्व बनते, म्हणून धिंगरी चिरून दुपारच्या उन्हात वाळवण्यात खरोखर अर्थ आहे. एर्गोथिओनीनातला 'थिओ' मात्र ग्रीकच, गंधकाचा. हे द्रव्य मानवी शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातून घेऊन पेशींत साठवते, आणि अळिंबी हा त्याचा मोठा स्रोत आहे. ऊर्जेचेच म्हणाल, तर 100 ग्रॅम ताज्या धिंगरीत ती जेमतेम 30-35 किलोकॅलरी भरते.

राहता राहिला मूळ प्रश्न: दोन्ही रूपे रूढ आहेत, शेतीविषयक लेखनात 'अळिंबी' अधिक दिसते आणि मीही तेच लिहितो.