आधी डिग्री, मग नाटक?

प्रिय ईशा,

तू विचारलंस, "आपल्याकडे सगळे असंच का म्हणतात, की नाटक हौस म्हणून कर, पण आधी डिग्री घे आणि नोकरी धर? जॉन बोयेगाच्या घरचे असं म्हणाले असतील का?" बोयेगा हा ब्रिटिश-नायजेरियन नट, तेव्हा प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, कारण त्यातच पहिल्याचं बरंचसं उत्तर आहे.

इथल्या, ब्रिटनमधल्या नायजेरियन घरांत डॉक्टर, वकील, इंजिनिअर या तीन शब्दांवर जितके विनोद होतात, तितके आपल्याकडेही होत नसतील. साठ-सत्तरच्या दशकांत आलेले बरेच नायजेरियन शिकायलाच आले होते. शिक्षणावर सगळं पणाला लावून आलेल्या माणसाला मुलाने रंगमंचावर जावं असं सहज वाटत नाही. म्हणजे आजोबा "आधी डिग्री" म्हणतात त्यात खास मराठी असं काही नाही. फरक आहे तो "आणि नोकरी धर" या पुढच्या अर्ध्या वाक्यात.

आधी एक खुलासा. तू केलेल्या ब्रिटिश-नायजेरियन नटांच्या यादीतला डॅनियल कलुया नायजेरियन नाही, त्याचे आईवडील युगांडाचे. इद्रिस एल्बाचे वडील सिएरा लिओनचे आणि आई घानाची. आपल्याला सगळीकडे "इंडियन" या एकाच पोत्यात भरतात तेव्हा तू चिडतेस ना, म्हणून हे आधीच सांगितलं. नायजेरियन म्हटल्यावरही योरुबा कोण आणि इग्बो कोण (हे तिथले दोन मोठे समाज) हे त्यांच्यात नावावरून लगेच कळतं, आपल्याकडे आडनावावरून गाव कळतं तसं. नटांपैकी ओयेलोवो आणि बोयेगा योरुबा, एजिओफोर आणि एरिव्हो इग्बो.

आता ही माणसं कुठून कशी पुढे गेली ते बघ. चिवेटेल एजिओफोरचे वडील डॉक्टर, आई फार्मासिस्ट. शाळेत नाटकं, मग नॅशनल यूथ थिएटर, मग लंडनची लॅम्डा ही नाट्यशाळा. तिथे जेमतेम तीन महिने झाले होते, तोच स्पीलबर्गने 1997 च्या चित्रपटासाठी त्याला उचललं. 2008 मध्ये ऑथेल्लोच्या भूमिकेसाठी ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा पुरस्कार आणि 2014 मध्ये बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. डेव्हिड ओयेलोवोचा जन्म ऑक्सफर्डचा, बालपणीची काही वर्षं लागोसमध्ये. तोही नॅशनल यूथ थिएटर आणि लॅम्डातलाच. 2000 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने त्याला सहावा हेन्री केलं. त्या कंपनीच्या मोठ्या निर्मितीत इंग्लंडचा राजा झालेला तो पहिला कृष्णवर्णीय नट. सोफी ओकोनेडो राडा या लंडनच्या दुसऱ्या नाट्यशाळेत शिकली आणि 2014 मध्ये तिला टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. झारियात जन्मलेली, मँचेस्टरमध्ये वाढलेली वुन्मी मोसाकूही राडाचीच, तिला 2017 मध्ये टीव्हीचा बाफ्टा मिळाला.

तुझा बोयेगा लंडनच्या पेकम भागातला, वडील धर्मोपदेशक. नवव्या वर्षापासून तो थिएटर पेकममध्ये जात होता, पुढे हॅकनीतल्या आयडेंटिटी स्कूल ऑफ ॲक्टिंगमध्ये गेला. ग्रेनिच विद्यापीठात चित्रपटाच्या पदवीला प्रवेशही घेतला होता, तो मधेच सोडला. 2011 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, पहिला चित्रपट आला. आणि बकी बक्रे तर कुठल्याच नाट्यशाळेत गेली नव्हती. पूर्व लंडनच्या शाळेत चित्रपटवाले मुली शोधत आले, तिथून ती 2021 च्या बाफ्टा रायझिंग स्टार पुरस्कारापर्यंत पोचली. पण तिचा रस्ता नकाशावर आखता येत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू.

डिग्री घेतलेलेही आहेत. शोपे दिरिसूने बर्मिंगहममधून अर्थशास्त्राची पदवी घेतली, नाटकं नॅशनल यूथ थिएटरमध्ये केली आणि 2017 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत शेक्सपिअरच्या नाटकातला कोरिओलेनस झाला. अदेवाले अकिनुओये-अगबाजे किंग्ज कॉलेजचा कायद्याचा पदवीधर. सिंथिया एरिव्होने मात्र ईस्ट लंडन विद्यापीठात संगीत-मानसशास्त्राचं एक वर्ष केलं, सोडलं, मग राडात शिकून 2010 मध्ये बाहेर पडली आणि 2016 मध्ये टोनी घेतला.

तेव्हा "आधी डिग्री" हे अगदीच टाकाऊ नाही. पण यातल्या कुणीही नऊ ते पाच नोकरी सांभाळून संध्याकाळी नट होण्याचा घाट घातला नाही. आपल्या माणसांचा सल्ला अडकतो तो नेमका इथे.

तो सल्ला उगाच पडलेला नाही. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर तालीम ऑफिस सुटल्यावर, प्रयोग रात्री आणि रविवारी. बँकेतला, एलआयसीतला, पोस्टातला माणूस सात वाजता तालमीला पोचू शकत होता. राज्य नाट्य स्पर्धा तर हौशी संघांसाठीच आहे. व्यावसायिक नाटकातही पैसे "नाईट"वर, म्हणजे प्रयोगामागे. महिन्याला किती प्रयोग लागतील याचा भरवसा नाही, म्हणून पगाराची नोकरी हाच आधार. डॉ. मोहन आगाशे मानसोपचार शिकवत राहिले आणि कामंही करत राहिले. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि पूर्णवेळ नट झाले ते 1969 मध्ये, चाळिशीत. आजोबांसमोर ही उदाहरणं आहेत, आणि ती खरी आहेत.

ब्रिटनमध्ये मात्र व्यावसायिक तालीम दिवसा असते, साधारण दहा ते सहा, आठवड्यात पाच-सहा दिवस, तीन ते पाच आठवडे सलग. ऑडिशनचा निरोप बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी येतो. सेल्फ-टेपसाठी, म्हणजे स्वतः चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनसाठी, आज संध्याकाळी पानं येतात आणि परवा दुपारपर्यंत फाइल हवी असते. ठरलेल्या वेळेच्या नोकरीत हे बसत नाही. म्हणून इथले नट सुरुवातीला कॅफे, थिएटरचं फ्रंट ऑफ हाउस (तिकिटं, प्रेक्षकांना जागा दाखवणं), शिकवण्या असली, पाळी बदलून घेता येणारी कामं करतात. "चांगली नोकरी धरून नाटक" इथे केलंस तर नोकरी चांगली राहील आणि नाटक महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवापुरतं उरेल. महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 पासून आहे, तिथे एकांकिका जरूर कर, भाषा आणि सभाधीटपणा दोन्ही येतं. पण व्यावसायिक काम म्हणून ती कास्टिंगवाले धरत नाहीत.

"आधी डिग्री"मध्येही एक मेख आहे, आणि ती घरी कुणाला ठाऊक नसेल. सध्याच्या नियमांनुसार स्टुडंट फायनान्स, म्हणजे सरकारी शिक्षणकर्ज, सहसा पहिल्याच पदवीला मिळतं. राडा आणि लॅम्डाचा अभिनयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम हीसुद्धा बी.ए. ऑनर्सच आहे. अर्थशास्त्राची बी.ए. कर्ज काढून केलीस, की दुसऱ्या बी.ए.ची फी बहुधा खिशातून. त्या रस्त्याने गेलीस तर पुढे एक-दोन वर्षांचा अभिनयाचा एम.ए. बघायचा, त्याला पदव्युत्तर कर्ज वेगळं असतं. हे नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या वर्षी पुन्हा तपासायचे.

आता काय करायचं ते. तू सोळाची आहेस, म्हणजे नॅशनल यूथ थिएटरला आत्ताच चालतेस, ते चौदा ते पंचवीस वयाची मुलं घेतात. वरच्या यादीत ते नाव किती वेळा आलं बघ. फीमध्ये सवलत असते, ती मागायला लाजू नकोस. बोयेगालाही थिएटर पेकममध्ये मदतनिधीतूनच जागा मिळाली होती. लॅम्डाच्या ग्रेड परीक्षा देणार असशील तर दे, सहावी ते आठवी ग्रेडला यूकासचे, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय यंत्रणेचे, गुण मिळतात. पण ग्रेड आठ पास म्हणजे लॅम्डा नाट्यशाळेत प्रवेश, असा गैरसमज आपल्या ओळखीत सर्रास आहे. परीक्षा तीच संस्था घेते, पण नाट्यशाळेच्या प्रवेशाशी त्यांचा संबंध नाही.

नाट्यशाळांचे अर्ज शरद ऋतूत सुरू होतात. राडा, लॅम्डाकडे थेट, इतर काहींकडे यूकासमार्फत. राडाच्या बी.ए.ला वर्षाला सुमारे 28 जणच घेतात आणि अर्ज हजारोंनी येतात, म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून बसायचं नाही. पहिल्या वर्षी नकार येणं हे इथे नापास होण्यात धरत नाहीत. दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा अर्ज करणारी मुलं खूप असतात.

ऑडिशनला साधारणपणे दोन स्वगतं लागतात, एक शेक्सपिअर किंवा त्या काळातल्या नाटकातलं पद्यातलं, एक आधुनिक. प्रत्येकी दोन मिनिटांच्या आत. घरी घड्याळ लावून पावणेदोनवर आण, कारण तिथे गेल्यावर माणूस संथ होतो आणि दोन मिनिटांनंतर थांबवतात. चित्रपटातलं गाजलेलं भाषण घेऊ नकोस, परीक्षकांच्या डोळ्यांसमोर मूळ नटीच उभी राहते. चाळिशीतली राणीही नको, तुझ्या वयाच्या आसपासची भूमिका शोध. स्वगत असं निवड की समोर कुणीतरी आहे आणि बोलणारीला त्याच्याकडून काहीतरी हवं आहे. नुसती आठवण सांगणारा उतारा पडतो. पूर्ण नाटक वाचलेलं हवं, "याच्या आधी काय झालं?" हे विचारतातच.

शेक्सपिअर आला की मुलं एकदम राणीचं इंग्रजी बोलायला लागतात. तुझं लेस्टरचं इंग्रजीच बोल. स्वतःच्या बोलीत, ओळीच्या शेवटापर्यंत श्वास पुरवून बोललेलं पद्य त्यांना हवं असतं. ओळीचा शेवटचा शब्द गिळला की अर्थ हरवतो, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते.

पुढच्या फेरीला बोलावलं तर तेच स्वगत वेगळ्या तऱ्हेने करायला सांगतात: कुजबुजत कर, भांडण म्हणून कर, हसत कर. आरशासमोर हातवारे घोटून ठेवलेले असतील तर इथे माणूस मोडतो. म्हणून घरीच चार तऱ्हांनी करून बघ. पुरुषोत्तम करंडकाच्या व्हिडिओंवरून शिकतेस ते ऊर्जेसाठी उत्तम आहे, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेला आवाज कॅमेऱ्यापुढे आरडाओरडा वाटतो. कॅमेऱ्यासाठी समोर तीन फुटांवर माणूस आहे असं समज.

सेल्फ-टेपला फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. चौकट छातीपासून वर, मागे साधी राखाडी किंवा निळसर भिंत, देवघर किंवा कपाट नको. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो, ती समोर घे. समोरचे संवाद वाचणारा लेन्सच्या अगदी बाजूला उभा राहतो, म्हणजे नजर कॅमेऱ्याजवळ राहते. तो फोनच्या जवळ असल्याने त्याचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा येतो. बाबा वाचणार असतील तर त्यांना हळू आणि सपाट वाचायला सांग. ते अभिनय करायला लागतील, तो थांबव.

सोळाव्या वर्षी एखादं काम मिळालंच, तर शालेय सक्तीचं वय संपेपर्यंत, म्हणजे इथल्या अकरावी इयत्तेच्या (ईयर 11) जूनमधल्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत, स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. ती तारीख उलटली असेल तर लागत नाही. एजंट कमिशन घेतो ते मिळालेल्या पैशातून, साधारण दहा ते वीस टक्के. "नाव नोंदवायला आधी इतके पाउंड भरा" म्हणाला की उठून निघायचं.

नावाचंही आत्ताच ठरव. इक्विटी या नटांच्या संघटनेत आधीच कुणी वापरत असलेलं नाव दुसऱ्याला सहसा देत नाहीत. बोयेगाने अदेग्बोयेगाचं बोयेगा केलं. उलट दिरिसूने प्रसिद्ध झाल्यावर आपल्या नावावरची योरुबा स्वरचिन्हं पुन्हा लावून घेतली. दोघांचंही चाललं आहे. "कुलकर्णी" कुणाला उच्चारता येत नाही म्हणून छोटं करायची गरज मला दिसत नाही, अकिनुओये-अगबाजे श्रेयनामावलीत पूर्ण छापतात. बाबांचं नाव मधे घालायचं की नाही हे तू ठरव, फक्त पहिल्या कामाआधी ठरव, कारण मग तेच चिकटतं.

आजोबांना फोन करशील तेव्हा "ॲक्टिंग शिकणार" असं सुरू करू नकोस. तीन वर्षांची बी.ए. ऑनर्स आहे, लेखी अर्ज आहे, जागा 28 आहेत, असं सांग. स्पर्धा किती ते ऐकलं की ते स्वतःच तयारीला कुठला क्लास लावला विचारतील.

तुझी,
आई