चार वर्षांच्या मुलीच्या पाठीत एक मणका जन्मतः अर्धाच घडलेला आहे आणि कमरेवर केसांचा झुपका आहे. ती छान चालते-धावते, तरी भूल देऊन एमआरआय करायलाच हवा का?

हो, करा, आणि फार लांबवू नका. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण अशी मुलं माझ्याकडे येतात, म्हणून लिहिते.

एक्स-रेत हाड दिसतं, आतला मज्जारज्जू दिसत नाही. मणके जन्मतःच सदोष असलेल्या दर तीन-चार मुलांमागे साधारण एकाच्या रज्जूतही काहीतरी निघतं. कधी तो चरबीच्या गाठीला किंवा जाड तंतूला खाली जखडलेला असतो, कधी हाडाच्या काट्याने दुभंगलेला, कधी त्याच्या आत पाण्याची पोकळी असते. एरवी रज्जूचं टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी असतं. ते खाली अडकलेलं असेल, तर मूल उंच होईल तसा रज्जू ताणला जातो. म्हणूनच आज धावणारी मुलगी काही वर्षांनी अडखळायला लागू शकते.

तिच्या कमरेवर केसांचा झुपका आहे असं तुम्ही लिहिलंय. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. अशी खूण आतल्या दोषाची असू शकते.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. सारखी डाव्या पायातली चप्पल हरवतो म्हणून आई त्याला रागवायची. चप्पल निसटलेली त्याला कळतच नव्हती! ते पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान, तळव्याची कमान उंच, पोटरी बारीक. तुम्हीही दोन्ही पावलं शेजारी ठेवून बघा. अंथरूण ओलं करणं थांबून पुन्हा सुरू झालं, वारंवार लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ झालं, पाठ-पाय दुखले, तर लगेच दाखवा. गेलेला लघवीचा ताबा ऑपरेशननंतर परत येईलच असं नाही.

पुढे अर्ध्या मणक्यामुळे पाठीला आलेला बाक सरळ करायचं ऑपरेशन ठरलं, तर रज्जूची स्थिती आधी कळायलाच हवी. अडकलेल्या रज्जूवर ताण आला तर पायांची ताकद जाऊ शकते.

भुलेची धास्ती समजते. पण या वयात मूल तेवढा वेळ निश्चल पडून राहत नाही, आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मानेपासून माकडहाडापर्यंत पूर्ण कण्याचा करायचा आहे ना, हे विचारून घ्या. गर्भात मणके घडतात त्याच सुमारास मूत्रपिंडं आणि हृदयही घडत असतं, म्हणून पोटाची सोनोग्राफी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाले नसतील तर तेही विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना इकोचा रिपोर्ट आधी दाखवा.