भाऊ स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेत नाही, मी बहीण म्हणून काय करू?

तुम्ही लिहिलंय की भाऊ गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकतो, म्हणून आई ती आता चहात विरघळवून देते. बाबांच्या मते त्याला नुसता आळस भरलाय. आणि तुम्ही नोकरीसाठी परगावी. माझ्या ताईलाही हाच आजार आहे, म्हणून लिहितोय.

आधी तो चहा बंद करा. ज्याला मुळातच वाटतंय की आपल्या खाण्यात कुणीतरी काही कालवतंय, त्याला कपाच्या तळाशी पांढरा साका दिसला तर त्याचा संशय खराच ठरला की! मग औषध तर जाईलच, आईच्या हातचं जेवणही जाईल. त्यापेक्षा गोळी का नको, हे त्यालाच विचारा. ताईला ओलान्झापिन या गोळीने दिवसभर गुंगी यायची, वजनही भराभर वाढलं होतं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि निम्मी भांडणं मिटली. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही असतात. ती चालतील का, हे डॉक्टरांसमोर त्याच्याशीच बोला. सिगारेट ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि सिगारेट एकदम सोडली तर वाढतं.

आता बाबांचा 'आळस'. आंघोळ टाळणं, तासन्‌तास भिंतीकडे तोंड करून पडणं, तुटक बोलणं, हा आजारच आहे, आणि कानात येणाऱ्या आवाजांपेक्षा जास्त चिवट. आवाज गोळ्यांनी बऱ्याचदा कमी होतात, हे मात्र फारसं हलत नाही. तुम्ही सांगून बाबांना पटणार नाही (मुलांचं कोण ऐकतं?), दुसऱ्या पेशंटच्या वडिलांनी सांगितलं तर पटेल. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन किंवा ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था जवळ पडत असेल, तर पालकांच्या गटाची चौकशी करा.

'शेजारचे माझ्याबद्दल बोलतात' असं तो म्हणाला तर वाद नको आणि होकारही नको. मी ताईला म्हणतो, 'मला नाही ऐकू आलं, पण तुला भीती वाटत असणार.'

आणि फोन केल्यावर पहिलाच प्रश्न 'गोळी घेतलीस का' हा नको. ते विचारणारे घरात आहेत, बहीण एकच आहे. ताई आणि मी फोनवर शब्दकोडं सोडवतो. उभे शब्द तिचे, आडवे माझे. वाईट दिवशी ती फोन उचलत नाही. चालतं.

रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर मात्र फोनवर न थांबता थेट हॉस्पिटल गाठा.

कागदांचं काम तुम्ही अंगावर घ्या, आई-बाबा हिंडते-फिरते आहेत तोवरच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात येतो, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करा. सवलतींना साधारणपणे 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भाऊ बरा असताना साध्या कागदावर सही करून तुम्हाला उपचारांच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधी नेमू शकतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेकडून त्याचं कायदेशीर पालकत्व घ्या असा सल्ला कुणी देईल, पण नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात स्किझोफ्रेनिया येत नाही. बाबांना सरकारी पेन्शन असेल तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला पुढे कौटुंबिक पेन्शन मिळू शकते. त्यासाठी भावाचं नाव बाबांच्या हातूनच पेन्शनच्या कागदांवर चढवून घ्या. मागाहून भावंडांनी ते सिद्ध करत बसणं फार जड जातं.