करंट सांडत का नाही?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ दोनदा पाहिला. तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो आणि फळ्यावरचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, हे आधी सांगून टाकतो. आता कामाचं. गच्चीवरची टाकी म्हणजे बॅटरी, पाइप म्हणजे तार, पाणी म्हणजे करंट, अर्धवट बंद केलेला नळ म्हणजे रोध, असं तू छान रंगवून सांगत होतीस आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या बारक्यानं हात वर केला. ‘मॅडम, पाइप कापला की पाणी सांडतं. मग वायर कापली की करंट का सांडत नाही?’ पोरं हसली, तूही हसलीस, ‘ते पुढच्या वर्षी’ म्हणालीस आणि पुढे गेलीस.

त्या तासातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्या पोराचं होतं. बाकीच्यांनी तुझा दाखला ऐकला. हा त्यात उतरला, पाइपाच्या कडेकडेनं चालत गेला आणि जिथे रस्ता संपला तिथून त्यानं तुला हाक मारली. पुढच्या शनिवारी त्याचं उत्तर दे. कसं द्यायचं ते शेवटी लिहितो, त्याआधी माझी एक जुनी फजिती ऐक, म्हणजे तुला मी उगाच दटावतोय असं वाटणार नाही.

मी तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसचा असेन. आठवीला पूर्णांक संख्या शिकवत होतो. धन म्हणजे खिशातले पैसे, ऋण म्हणजे कर्ज. बेरीज-वजाबाकी झकास उतरली, कारण त्या वर्गात कर्ज समजावून सांगावं लागलं नाही. मग आला गुणाकार. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असा नियम मी फळ्यावर लिहिला आणि चौकट केली. एक मुलगा उठला. ‘सर, बापाचं बँकेचं कर्ज गुणिले सोसायटीचं कर्ज केलं तर आम्ही श्रीमंत होणार?’ वर्ग कोसळला. मला वाटलं, पोरगा टिंगल करतोय. ‘बस खाली,’ म्हणून ओरडलो. तो बसला. त्याच्या घरी दोन्ही कर्जं खरोखरच होती हे मला नंतर कळलं.

उत्तर मला वर्गात सुचलं नाही, ते वाण्याच्या दुकानात सुचलं. महिनाअखेरीला हिशेब करायला गेलो, तर वहीत चहाच्या तीन पुड्या जास्त लिहिलेल्या, पाच रुपयांची एक. मी म्हटलं, हा चहा आमच्याकडे आलाच नाही. त्यानं कुरकुर न करता तीन ओळींवर लाल पेन्सिल मारली. मी तिथेच उभा राहिलो. पाच रुपयांची उधारी म्हणजे वजा पाच. ती तीनदा लिहिली तर वजा पंधरा. आणि तीनदा *खोडली* तर? वजा पाच गुणिले वजा तीन, आणि माझ्या बाजूला पंधरा रुपये आले. एक रुपया हातात न येता.

नीट बघ इथे काय झालं ते. दोन्ही आकडे वजाच आहेत, पण एकाच जातीचे नाहीत. वजा पाच हे रुपये आहेत. वजा तीन ही ‘किती वेळा’ आहे, आणि वजा म्हणजे लिहायच्या उलट, खोडायचं. कर्जाला कर्जानं गुणलं की रुपये गुणिले रुपये होतात, आणि त्याला वहीत रकानाच नाही. त्या मुलाला नेमकं तेच खटकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला उभं न करता, त्याच्या बाकापाशी जाऊन हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आमचं कोण खोडणार, सर?’ मी डस्टर शोधायला लागलो.

गंमत अशी की हा दाखला माझा नव्हताच. ‘धन’ आणि ‘ऋण’ हे शब्दच मुळी दाखला आहेत. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम लिहिले, त्यात दोन ऋणांचा गुणाकार धन हाही आहे. आपण तो शब्द इतका वापरला की त्यातली उधारी दिसेनाशी झाली. आता विजेच्या प्रभारालासुद्धा आपण ऋण म्हणतो, आणि इलेक्ट्रॉननं कुणाचं काय घेतलंय हे कुणी विचारत नाही.

असे मुके झालेले दाखले आपल्या पाठ्यपुस्तकांत जागोजागी पडलेत. वर्तुळाची ‘जीवा’ तू हजार वेळा काढली असशील. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस म्हणजे वाकवलेलं लाकूड, आणि दोरीच्या मध्यापासून लाकडापर्यंतचं जे अंतर, त्याला जुन्या गणितात ‘शर’ म्हणत, म्हणजे बाण. फळ्यावर एकदा धनुष्य काढून दाखव, तीन शब्द एका चित्रात बसतात. हीच दोरी अरबांकडे ‘जिबा’ म्हणून गेली, तिथे लिहिताना स्वर गळतात म्हणून पुढे कुणी तिला ‘जैब’ वाचलं, म्हणजे कपड्याची घडी, आणि लॅटिनवाल्यांनी घडीचं भाषांतर करून ‘सायनस’ केलं. दहावीची पोरं जो साईन घोकतात तो हा. हिंदीतली ‘जेब’ त्याच जैबची बहीण. (हे शेवटचं वर्गात सांगू नकोस, अर्धा तास त्यातच जाईल. मला अनुभव आहे.)

दाखला द्यायचा कसा, याचं शास्त्र शोधायलाही लांब जायला नको. महानुभावांचा दृष्टान्तपाठ आहे ना, चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केसोबासांनी एकत्र केले तो. त्यात प्रत्येक ठिकाणी तीन भाग आहेत: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सांगायची गोष्ट, दृष्टान्त म्हणजे तिची कथा, आणि दार्ष्टान्तिक म्हणजे कथेतलं काय कशाला जुळतं ते जोडून देणं. आपण शिक्षक मंडळी तिसरा भाग खातो. ‘पेशी म्हणजे कारखाना’ म्हणतो आणि टाळ्या घेतो. त्या कारखान्याचा मालक कोण, संप झाला तर काय, हे पोरांनी ज्याचं त्यानं बघावं. तू तिसरा भाग खाऊ नकोस, आणि त्यापुढे माझ्याकडून एक चौथा जोड: हे कुठपर्यंत जुळतं आणि कुठे फाटतं. तोही मोठ्यानं, फळ्यावर लिहून.

फाटतो म्हणून दाखला टाकून द्यायचा का? अजिबात नाही. वीज आणि चुंबकत्व यांची समीकरणं मांडणाऱ्या मॅक्सवेलचं बघ. १८६१-६२ च्या त्याच्या लेखात चुंबकीय क्षेत्र म्हणजे पोकळीत फिरणारे असंख्य भोवरे होते. पण शेजारशेजारचे दोन भोवरे एकाच दिशेनं फिरायचे तर ते एकमेकांना घासून अडवणार. म्हणून त्यानं मधे छोटी चाकं बसवली, यंत्रांत बसवतात तशी. त्याला हे खरं वाटत होतं असं नाही. पण याच खटाटोपातून त्याला विद्युतचुंबकीय लाटेचा वेग मिळाला आणि तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. १८६५ च्या लेखात चाकं नाहीत, भोवरे नाहीत, नुसती समीकरणं. स्लॅब पक्का झाल्यावर गवंडी परांची सोडवतात तसं. आपल्या पोरांचा स्लॅब अजून ओला आहे, तेव्हा परांची लागणारच, फक्त तिला घर म्हणू नकोस.

आता दाखले कुठून आणायचे याबद्दल. परक्या स्वयंपाकघरातून आणलेला दाखला आधी स्वतःच समजावून सांगावा लागतो. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमसननं १९०४ मध्ये अणूचं जे चित्र मांडलं, ते आम्ही ‘प्लम पुडिंग’ म्हणून पाठ केलं. पुडिंग बघितलेलं नाही, प्लम बघितलेला नाही, आणि दोन्ही मिळून अणू समजायचा. एनसीईआरटीनं नववीच्या पुस्तकात सोबत कलिंगड दिलं, ते बरं केलं: लाल गर म्हणजे धनप्रभार, बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. पण कलिंगडाला साल असते, आणि कुणीतरी विचारतंच की अणूची साल कुठली. मी रव्याचा लाडू वापरायचो, बेदाणे घातलेला. आमच्याकडे लाडवाला एकच बेदाणा, तोही वरून टोचलेला, त्यामुळे तो दाखला हायड्रोजनपुरताच चालायचा.

आणि उलट बाजूही आहे. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना जातं, मोट, रहाट यांचं फार प्रेम. मला स्वतःला आहे. पण तुझ्यासमोर बसलेल्या किती जणांनी जातं फिरताना पाहिलंय? जे त्यांच्या हातात रोज नाही ते त्यांच्यासाठी पुडिंगच. मोबाइलचं चार्जिंग, कुकरची शिट्टी, विरजण, एसटीच्या दारातली रेटारेटी हे त्यांचं आहे. तेव्हा आपल्या आठवणींना मुरड घाल आणि त्यांच्या दप्तरात बघ.

चल, त्या बारक्याच्या प्रश्नाकडे.

त्याला सांग की तू पकडलेली जागा बरोबर आहे, टाकीचा दाखला इथे फाटतो. पाइपाबाहेर पाण्याला जायला मोकळी जागा असते. तांब्याच्या तारेतले इलेक्ट्रॉन तारेच्या आत सुटे फिरतात, पण तारेबाहेर पडायला त्यांना धातू सोडत नाही, आणि हवा त्यांना वाट देत नाही. वायर कापणं म्हणजे पाइप फोडणं नव्हे, नळ बंद करणं.

मग त्याच्यासमोर सायकलची चेन ठेव. पायडल म्हणजे बॅटरी, मागचं चाक म्हणजे बल्ब, चेनची एकेक कडी म्हणजे इलेक्ट्रॉन. पायडल दाबलं की मागचं चाक त्याच क्षणी फिरतं, पण पायडलपाशी असलेली कडी मागे पोचायला वेळ लागतो. बटण दाबताच बल्ब लागतो, तरी टॉर्चच्या तारेतले इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षा हळू सरकत असतात, सेकंदाला मिलिमीटरचाही लहानसा भाग. मागचं चाक चेनच्या कड्या खात नाही, जेवढ्या जातात तेवढ्याच परत येतात. ‘बल्ब करंट खातो’ ही मोठ्यांच्याही डोक्यातली समजूत तिथेच मोडते. चेन तुटली तर सगळ्या कड्या एकदम थांबतात, सांडत काही नाही. आणि घरातल्या विजेचं विचारलं तर पायडल हातानं पुढे-मागे, पुढे-मागे हलवून दाखव. सेकंदाला पन्नास वेळा असं होतं. कड्या कुठेच पोचत नाहीत आणि इस्त्री तरीही तापते.

ही चेन फाटते कुठे? तिला फाटा फुटत नाही. दोन बल्ब समांतर जोडले की चेनवाला तोंडघशी पडतो. तिथे मी दर्शनबारी वापरतो. मंडपाला एकच अरुंद दार असेल तर रांग रखडते; शेजारी तेवढंच अरुंद दुसरं दार उघडलं की माणसं दुप्पट आत जातात. अडथळा एक होता, दोन झाले, तरी गर्दी जास्त सुटली. समांतर जोडणीत आणखी एक रोध जोडला की एकूण रोध कमी होतो, हे वाक्य पोरांना पटत नाही. दोन दारं लगेच पटतात. पण याच दर्शनबारीत बॅटरी शोधायला जाशील तर सापडणार नाही. माणसांना मागून कोण ढकलतंय म्हणायचं, भक्ती?

हे माझं नुसतं मास्तरी अनुमान नाही. डेड्री आणि डोनाल्ड जेंटनर या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८३ मध्ये हेच तपासलं होतं. वीज म्हणजे वाहतं पाणी असं मनात धरणाऱ्यांना बॅटऱ्यांच्या जोडणीची गणितं जास्त बरोबर आली, आणि वीज म्हणजे धावणारी गर्दी असं धरणाऱ्यांना रोधांची. म्हणजे तुझी टाकी चुकीची नव्हती. दोन टाक्या एकावर एक ठेवल्या तर दाब वाढतो, शेजारी ठेवल्या तर तेवढाच राहतो, हे टाकीइतकं छान दुसऱ्या कशानं दिसत नाही. टाकी बॅटऱ्यांसाठी ठेव. दारं समांतर रोधांसाठी ठेव, चेन कापलेल्या तारेसाठी. आणि कुठून कुठे उडी मारतेस ते पोरांना सांगून मार.

अजून एक कर. त्या मुलालाच विचार, ‘आता चेन कुठे फाटते ते तू शोध.’ फाट्याचं तो स्वतःहून सांगतो का, आणि अजून काही काढतो का, ते मला कळव. चेनला वंगण लागतं, इलेक्ट्रॉनला काय लागतं, असं त्यानं विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार नाही. फोन कर, दोघं मिळून बघू.

जुनी चेन कुठल्याही सायकलवाल्याकडे फुकट मिळेल. ती काळीकुट्ट असते, तेव्हा रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेव आणि तासाला जाताना एक चिंधी बरोबर ने. मी पहिल्यांदा विसरलो होतो, आणि नंतर आठवीची अठ्ठावीस प्रगतिपुस्तकं त्याच हातांनी भरली.

तुझा,
सर